जुन्या गाडीत शिरणारं पाणी: एका अख्ख्या पावसाळ्याचा अनुभव

जानेवारीत कराडहून २०११ सालची पेट्रोल हॅचबॅक घेतली. आम्ही चिपळूणचे. जुलै २०२१ चा महापूर पाहिल्यापासून इथे जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण आधी एकच विचारतो, पाण्यात बुडालेली नाही ना? मीही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाण्याची रेघ शोधली, सीटच्या रुळांत बोट घालून गाळ चाचपला, स्टेपनीखालचा खड्डा बघितला. सगळं कोरडं होतं. गाडी तेव्हाही मनाला आली आणि आज नऊ महिन्यांनीही तितकीच आवडते. कुंभार्ली घाट चार माणसं घेऊन न कुरकुरता चढते. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी मागे डाव्या बाजूला बसली आणि म्हणाली, "बाबा, माझे मोजे भिजले."

फुटमॅट उचलली तर खालचं मॅटिंग दाबल्यावर पाणी वर येत होतं. सकाळी काचा आतून धुरकट व्हायच्या आणि दार उघडलं की कुबट वास यायचा.

सगळ्यात आधी पाणी कुठलं ते ठरवावं. रेडिएटरचं कूलंट असेल तर ते रंगीत, चिकट असतं, गोडसर वास येतो आणि समोरच्या काचेवर तेलकट थर धरतो. आमचं पाणी स्वच्छ होतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की तेही आत पडतं, पण मग उन्हाळ्यातसुद्धा पडतं. पाऊस उघडला तशी अर्धा तास एसी लावून गाडी उभी केली. गाडीखाली नेहमीसारखं थारोळं झालं, म्हणजे नळी मोकळी. राहिला तो पाऊस.

इथे माझी मोठी चूक झाली. गॅरेजमध्ये नेली, त्यांनी बघताक्षणी "काच गळतेय" म्हणून समोरच्या काचेभोवती सिलिकॉन मारून दिलं. चौथ्या दिवशी मॅटिंग ओलं. पुन्हा नेली, पुन्हा सिलिकॉन. पाणी कुठून येतंय हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय कुणालाही सिलिकॉन मारू देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. धूळ असलेल्या जागी ते धरत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं. आणि पुढे कधी खरंच काच काढून बसवायची वेळ आली, तर त्या थरावर काचेचा चिकटा नीट बसत नाही.

खरा धागा मिळाला तो सासुरवाडीला. गुहागरला दोन दिवस सपाट अंगणात गाडी उभी होती, पाऊस धो धो. तिसऱ्या दिवशी बघतो तर मागची बाजू आणखी भिजलेली नाही, पुढे डावीकडे मात्र ओल. आमच्या घरी गाडी चढावर, तोंड वर करून उभी असते. म्हणजे पाणी पुढून शिरत होतं आणि मॅटिंगखालून उताराने मागे जाऊन साठत होतं. दीड महिना मी मागचं दार, मागच्या दाराचं बीडिंग, डिकीचा रबर हेच तपासत बसलो होतो.

मग ठरवून शोध घेतला. पुढची डावी सीट काढली. १४चा पाना आणि चार बोल्ट. (ज्यांच्या सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर आहेत त्यांनी आधी बॅटरीची तार काढून थोडं थांबावं.) मॅटिंग उचललं तर खालचा नमदा, म्हणजे कापडाखालचा जाड थर, पिळण्याइतका भिजलेला. वरचं कापड दोन दिवसांत वाळतं, नमदा आठवडाभर वाळत नाही. गंज, वास, तारांच्या जोडांवरचा हिरवा थर, सगळं त्याच्यापायी. तीन दिवस टेबलफॅन लावून सगळं कोरडं केलं आणि उघड्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरली. पाण्याचा ओघळ तिच्यावर लगेच उमटतो.

बागेचा पाइप, तोटी न लावता, हळू धार. धुलाई सेंटरचा जोराचा फवारा नको. तो एरवी न शिरणाऱ्या जागीही पाणी घुसवतो. खालून सुरुवात करायची आणि एका जागी दहा मिनिटं. वरून धार सोडली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. मुलगी टॉर्च घेऊन आत बसली. उंबऱ्यावर धार, काही नाही. दाराच्या काचेवर धार सोडली आणि सातव्या मिनिटाला ती ओरडली, "आलं, बाबा, आलं!" दाराच्या पॅडच्या (आतल्या बाजूच्या आवरणाच्या) खालच्या कडेतून बारीक ओघळ आत, उंबरा ओलांडून मॅटिंगखाली.

दाराच्या आत पाणी जाणं हा दोष नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून थोडं पाणी दारात उतरतंच आणि तळाच्या भोकांतून निघून जातं. ते आपल्याकडे येऊ नये म्हणून पॅडमागे प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. आमच्या गाडीत कुणीतरी स्पीकर बसवताना तो कापून तसाच सोडला होता, शिवाय तळाची भोकं मातीने बुजलेली. भोकं तारेने मोकळी केली, जाड प्लास्टिक कापून नवा पडदा केला आणि ब्युटाइल टेपने चिकटवला. साहित्य साडेचारशे रुपयांचं.

पाइप हातात होता म्हणून उरलेल्या जागाही तपासल्या. वायपरखालच्या जाळीत फणसाची कुजलेली पानं ओंजळभर निघाली. तिथून पाणी आत आलं नव्हतं, पण ती वाट तुंबली तर ब्लोअरच्या तोंडातून येऊ शकतं. आता दर पंधरा दिवसांनी हात घालतो.

हे काम १० ऑगस्टला झालं. त्यानंतरचा सगळा पाऊस, गणपतीतले ओले चार दिवस, ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, मॅटिंग कोरडं आहे. वास जायला मात्र नमदा बदलावा लागला. डाव्या पुढच्या पत्र्यावर तळहाताएवढा गंज धरला आहे. थंडीत घासून प्रायमर मारणार आहे, तोवर ती सीट काढायला सोपी जावी म्हणून बोल्टांना ग्रीस लावून ठेवलंय.