क्रोम बंपर काळा करायचा, पण कशाने: सोलून निघणारा रबर स्प्रे की घासून दिलेला रंग?

जुन्या फियाटचा किंवा अ‍ॅम्बॅसेडरचा क्रोम बंपर काळा करायचा असं ठरलं की घरच्या घरी करण्यासारखे दोनच पर्याय उरतात. नको झाला की सोलून काढता येणारा रबर स्प्रे, नाहीतर क्रोम घासून, प्रायमर मारून वर काळा रंग. पावडर कोटिंगला भट्टी लागते, म्हणून ते इथे धरत नाही. माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या, म्हणजे जुन्या फियाटच्या, पुढच्या बंपरला मी रबर स्प्रे मारला होता आणि मागच्याला रंग दिला होता. गाडी एरवी पुण्यात असते आणि पावसाळ्यात कोकणात जाते, त्यामुळे दोघांनाही सारखंच ऊन आणि सारखाच पाऊस मिळाला.

तिसरा एक मोह होतो तो आधी बाजूला ठेवू. अर्धपारदर्शक काळा टिंट मिळतो, त्यातून क्रोमची चमक धुरकट दिसते आणि नवा असताना फारच देखणा वाटतो. पण ती चमक हवी तर क्रोम घासता येत नाही, कारण प्रत्येक ओरखडा टिंटमधून दिसतो. आणि न घासलेल्या क्रोमवर रंग टिकत नाही. क्रोमचा वरचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ, पण कमालीचा कठीण आणि गुळगुळीत असतो. रंगाला धरायला तिथे जागाच नसते. रोजच्या गाडीला टिंट लावू नये असं मला वाटतं.

रबर स्प्रेची तयारी कमी. बंपर शाम्पूने धुवायचा, मेण-ग्रीस निघेपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा आणि लागायचं कामाला. पहिला हात अगदी विरळ, पुढचे चार-पाच भरगच्च. इथे हात आखडता घेऊ नये. थर जाड असेल तरच उद्या तो एकसंध सोलून निघतो, पातळ राहिला तर नखाएवढे तुकडे खरवडत बसावं लागतं. मास्किंग टेप शेवटचा हात ओला असतानाच काढायची. याचा मॅट काळा मला आजही आवडतो, मखमली दिसतो. शिवाय बारीक खडी लागली तर तो दबतो, टवका उडत नाही. पेट्रोलच्या फडक्याने डाग पुसायची सवय मात्र सोडावी लागते, कारण पेट्रोलने तो विरघळतो.

माझं मत बदललं ते कडांमुळे. हा थर धातूला धरून नसतो, तो अखंड असतो म्हणून टिकतो. बॉनेटसारख्या सपाट, मोठ्या भागावर ते चालून जातं. पण बंपरला कडाच कडा: आत वळलेली वरची-खालची धार, नंबर प्लेटची पट्टी, बोल्टची डोकी, ओव्हररायडर (बंपरवरचे उभे ठोकळे) जिथे टेकतात ते सांधे. वॉशिंग सेंटरवर प्रेशरची गन जवळून फिरली आणि डाव्या ओव्हररायडरखालची कड उचलली गेली. दिसायला काहीच नव्हतं, बोट फिरवलं तेव्हा कळलं. दाबली की बसायची, पाऊस पडला की पुन्हा फुगायची. आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नव्हतं आणि जुन्या क्रोमच्या सूक्ष्म छिद्रांतून ते थेट लोखंडापर्यंत पोचत होतं. तिथली साल काढली तर आधी नसलेले गंजाचे तांबूस ठिपके. तेवढ्याच जागी पुन्हा स्प्रे मारला तर जोड स्पष्ट दिसतो, म्हणजे सगळा बंपर सोलून पहिल्यापासून सुरुवात. रबराला कुणी नावं ठेवू नयेत, तुमची गाडी झाकलेली राहत असेल आणि तुम्ही ती हाताने धूत असाल तर हा प्रश्न कदाचित येणारही नाही. माझ्या वापरात तो पुन्हा पुन्हा आला.

रंगाचं काम कष्टाचं आहे. बंपर काढावाच लागतो आणि जुने बोल्ट जाम झालेले असतात, त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा. मग 320 नंबरचा वॉटर पेपर. आरशासारखी चमक पूर्ण मरून सगळीकडे राखाडी दिसेपर्यंत घासायचं, विशेषतः आत वळलेल्या धारेला. पाणी घालूनच घासा, क्रोम-निकेलची पूड श्वासात जाणं वाईट. पोपडे सुटलेला क्रोम ठेवू नका, तो रंगासकट निघून येतो. त्यावर एचिंग प्रायमर (धातूला धरून बसणारा आम्लयुक्त पहिला थर) आणि वीस-पंचवीस सेंटीमीटरवरून पातळ हात. रंग सॅटिन, म्हणजे अर्धचकाकीचा, घ्या, ग्लॉसमध्ये जुन्या बंपरचा प्रत्येक पोचा उठून दिसतो. हार्डनर असलेला टू-के (दोन घटकांचा) डबा जास्त टिकाऊ, पण त्यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, त्यासाठी रंगकामाचा काडतुसाचा मास्क हवा. रुमालावर भागत नाही.

याचीही खोड आहेच. महामार्गावर खडी उडाली की टवका निघतो आणि काळ्यात चमकता ठिपका दिसतो. पण तो ठिपका तेवढाच राहतो. डब्याच्या झाकणात थोडा रंग फवारायचा, बारीक ब्रशने टेकवायचा, काम झालं. मागच्या बंपरची कड अजून कुठेही उचललेली नाही.

तुमचा क्रोम खरोखर निर्दोष असेल किंवा पुढेमागे गाडी मूळ रूपात विकायची असेल, तर रबरच घ्या. एकदा घासलेला क्रोम परत आणायचा म्हणजे नव्याने प्लेटिंग. पण बंपरवर आधीच गंजाचे ठिपके असतील, आणि या वयाच्या बहुतेक गाड्यांवर असतातच, तर मी रंगच देईन. पुढचा बंपरही आता तसाच केला आहे.

काम पावसाळा संपल्यावर काढा, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. रंग हाताला कोरडा लागला तरी बंपर लगेच चढवू नका, आठवडाभर राहू द्या. नाहीतर नट आवळताना वॉशरखाली रंग गोल फिरून निघतो आणि पाणी तिथूनच आत जातं. तिथे धातूच्या वॉशरखाली एक नायलॉनचा घाला.