नाळेतल्या रक्ताने मूल चालेल म्हणाले होते

सातव्या महिन्यात तपासणीच्या रांगेत बसले होते, तेव्हा नाळरक्त बँकेची बाई शेजारी येऊन बसली. हे रक्त प्रसूतीनंतर फेकूनच देतात, उणे १९६ अंशांत ठेवलं तर बाळाला जन्मभराचा विमा, म्हणाली. पुराव्याला १९८८ सालचं पॅरिसमधलं प्रत्यारोपण. ते खरंच झालं होतं, पण फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या मुलाला त्याच्या नवजात बहिणीचं रक्त देऊन. म्हणजे आजार रक्ताचा, आणि रक्तही दुसऱ्याचं. एवढं तिने गाळलं. आम्ही हप्ते बांधून घेतले.

मुलगा दीड वर्षाचा झाला तरी बसेना. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा न राहणं. बँकेनेच एक क्लिनिक सुचवलं. "स्वतःचंच रक्त आहे ताई, अपाय कसला?" तिथल्या डॉक्टरांनी अशाच मुलांवर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने केलेल्या नाळरक्ताच्या अभ्यासाचं एक पान समोर धरलं. एकच.

बाकीचं मी रक्त चढवून झाल्यावर वाचलं. २०१७ साली छापलेल्या त्या चाचणीत ६३ मुलं होती. वर्षभराने नाळरक्त मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत एकंदर फरक दिसला नव्हता. नाळरक्तातल्या पेशी वजनाच्या किलोमागे निदान २ कोटी मिळाल्या, फक्त त्या मुलांची प्रगती जास्त होती. मग कपाटातून बँकेचा जुना रिपोर्ट काढला. एकूण पेशी १९ कोटी. रक्त चढवलं तेव्हा मुलाचं वजन १२ किलो. भागाकाराला कागदही लागला नाही. आकडा बँकेने स्वतःच छापलेला, क्लिनिकच्या फाइलमध्येही लावलेला. बोललं कुणीच नाही.

त्याच क्लिनिकच्या बाकावर ऑटिझमच्या मुलांचे आईबापही असायचे. ड्यूकचीच १८० मुलांची चाचणी २०२० साली आली, तिच्यातही मुख्य निकषावर यश नव्हतं.

बँकेच्या करारावर सही करायला बसला असाल तर पेशी किती भरल्या तरच साठवणार, कमी भरल्या तर पैसे परत देणार का, हे लेखी मागा. तोंडी उत्तर घेऊ नका, माझ्याकडे तसली पुष्कळ आहेत.

रक्त चढवल्यावर सहा महिन्यांनी मुलगा आधाराशिवाय बसला. त्याआधी फिजिओथेरपिस्ट रोज तासभर त्याच्या कमरेमागे उशी लावून, खुळखुळा हळूहळू वर नेत घाम गाळत होत्या. क्लिनिकने बसलेल्या मुलाचा व्हिडिओ मागितला, मी आनंदात पाठवला. तो आता त्यांच्या जाहिरातीत आहे. उशी कापली आहे, खुळखुळ्याचा आवाज मात्र राहिलाय. काढून टाका म्हणून तीनदा लिहिलं, तर संमतीपत्रावरची माझीच सही दाखवतात.