रोप देण्याआधी जमीन विचारणारी रोपवाटिका

पानशेतच्या वर, वेल्ह्याच्या अंगाला आमचा पाऊण एकर उतार आहे. तांबडी मुरमाड जमीन, वर माती जेमतेम वीतभर. तिथे फळझाडं लावायची म्हणून गेल्या वर्षीपासून उरुळी कांचनजवळच्या, सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या या रोपवाटिकेतून कलमं घेते आहे. पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा का कापला ते शेवटी सांगते.

मालकांनी रोपं दाखवायच्या आधीच विचारलं, "ताई, जमीन कुठं आहे? पाऊस थांबल्यावर पाणी किती वेळ साचून राहतं?" त्या रस्त्यावर रोपवाटिका पुष्कळ आहेत, पण बहुतेक ठिकाणी बोलणं "आंबा देऊ का नारळ" इथूनच सुरू होतं. यांचं आजोळ मावळातलं, त्यामुळे घाटमाथ्याचा पाऊस त्यांना पक्का ठाऊक आहे. चार महिने मुळं पाण्यात आणि पुढचे आठ महिने कोरडे.

मला सफरचंद हवं होतं. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९ ही जात उष्ण भागातही फळते, आणि तिची रोपं यांच्याकडे तयार होती. दहा मागितली असती तर दहा खपली असती. त्यांनी मात्र बसवून समजावलं. काश्मीर-हिमाचलातल्या डेलिशस जातींना हिवाळ्यात ७ अंशांखाली साधारण हजार तास लागतात, तेवढी थंडी महाबळेश्वरलाही पडत नाही. या जातीला ती अट नाही, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पानं सतत ओली राहतात आणि बुरशी धरते. "दोनच न्या. उताराच्या वरच्या कडेला लावा, जिथं वारा खेळतो. बाकी पेरू, फणस, जांभूळ घ्या." अंजीर आणि सीताफळ तर सरळ नाही म्हणाले, ती पुरंदरच्या कोरड्या हवेची पिकं. पेरू सरदार दिला. लखनौ-४९ म्हणतात तोच. ही निवड मूळ पुण्याचीच, गणेशखिंडच्या बागेत फळतज्ज्ञ डॉ. चीमा यांनी १९२७ साली केलेली.

कलम निवडताना त्यांनी एक पिशवी ब्लेडने उभी फाडून दाखवली. तळाशी मुळांचं वेटोळं झालं होतं, दोरीच्या भेंडोळ्यासारखं. असं रोप बाहेरून कितीही टवटवीत दिसलं तरी डोंगरात वाऱ्याला टिकत नाही, म्हणून ती रांगच त्यांनी बाजूला काढली. जोडाभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी कधी सोडायची, जोड मातीच्या वर किती ठेवायचा, त्याखाली खुंटाला, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या मूळ रोपाला, आलेली फूट लगेच का खुडायची, हे हातात कलम धरून शिकवलं.

पण खरं मोल मातीच्या सल्ल्याचं. मी खड्ड्यात भरपूर शेणखत ओतणार होते. ते म्हणाले, मुरमात खोल खड्डा काढून मऊ माती भरली की पावसाळ्यात त्याची बादली होते. पाणी आत येतं, बाहेर जात नाही, मुळं कुजतात. म्हणून खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूने पाण्याला चर काढून वाट द्यायची आणि रोप जमिनीपेक्षा थोडं उंच गादीवर लावायचं. वरच्या अंगाला उताराला आडवा, एका पातळीत खणलेला समतल चर, म्हणजे वाहून येणारी माती तिथेच अडते. माती तपासल्याशिवाय चुना टाकू नका, हेही त्यांनीच बजावलं. तपासणीत सामू (पीएच) ५.६ आला. इतक्या पावसात चुनखडीचा अंश धुऊन जातो, जमीन आंबट होते आणि लोह-ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून बसतात, झाडाला मिळू देत नाहीत. म्हणून आंबटपणा कमी करणारी डोलोमाइट या चुनखडीसारख्या दगडाची भुकटी उन्हाळ्यातच मिसळली, शेणखत नंतर दिलं आणि स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी, कंपोस्टमध्ये कालवून. आंबट जमिनीत ते सावकाश विरघळतं. बांधावर गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया, हिरवळीच्या खताचं झाड) फांद्या खोचल्या, त्यांचा पाला कापून झाडांच्या आळ्यात पसरते, खोडाला चिकटू न देता. आता तिथली माती मुठीत घेतली की गोळा होतो आणि बोटानं दाबला की सुटतो. गांडुळंही दिसू लागली आहेत. शेजारचे शेतकरीही आता बांधाला गिरिपुष्प लावायचं म्हणतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

आता अर्ध्या ताऱ्याचं. गांडूळ खताची पोती ओली असतात, म्हणजे वजनात पाणी विकत घ्यावं लागतं. पिशव्यांवरची जातीची नावं मार्करने लिहिलेली, पहिल्याच पावसात पुसली जातात. जातीचा टिकाऊ बिल्ला द्यायला हवा, कारण पेरूच्या दोन जाती पाल्यावरून ओळखणं सोपं नाही. टेम्पोवाल्यानं घाटात घाई केली आणि काही कलमांचे मातीचे गोळे फुटले. मालकांनी मात्र फोटो बघून तेवढी कलमं बदलून दिली, वाद घातला नाही.

रविवारी गर्दीत त्यांच्याशी निवांत बोलता येत नाही, मधल्या वारी जावं. कलमं मे महिन्यातच सांगून ठेवावीत, पहिल्या पावसानंतर चांगला माल उरत नाही. जाताना उताराचे फोटो आणि माती परीक्षणाचा कागद सोबत न्यावा, मालक तो वाचतात.