नूवो आणि एनव्हीके: पाचपैकी चार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मी चादरींची डिझाइनं काढतो. मशीनला एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, त्यावर लिनक्स आणि कार्ड चालवणारा खुला ड्रायव्हर नूवो.

नूवो २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आहे. पण नव्या कार्डांचा क्लॉक, म्हणजे वेग, वाढवायला एनव्हिडियानं सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, म्हणून कार्ड कित्येक वर्षं बैलगाडीच्या चालीनं चालायचं. २०२४ च्या जानेवारीत कर्नल ६.७ आलं, जीएसपी, म्हणजे कार्डावरचा वेग सांभाळणारा छोटा प्रोसेसर, वापरायची सोय झाली. माझ्या कार्डाला तेव्हा बूटच्या ओळीत एक पर्याय हातानं लिहावा लागला, एवढंच.

खेळ आणि प्रोग्राम कार्डाशी व्हल्कन नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं बोलतात; त्यासाठी नूवोच्या जोडीला खुला ड्रायव्हर एनव्हीके. खेळ चालल्याचे फोटो आले की लोक खूश, पण तो लिहिणाऱ्या मंडळींनी मध्येच शेडर कंपायलर (चित्र काढणारे छोटे प्रोग्राम कार्डाच्या भाषेत आणणारा भाग) रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्यानं लिहायला घेतला. त्या कामाचा फोटो काय काढणार? आमच्याकडं मागावर ताणा (उभे धागे) जोडताना अख्खा दिवस जातो, कापड बोटभरही दिसत नाही, आणि शेठ दर तासाला विचारतात, "किती झालं?" तरी ताणा घाईत जोडला की पुढं प्रत्येक चादरीत दोष. या लोकांनी तो घाईत जोडला नाही, म्हणून चार तारे.

एक का कापला? जीटीएक्स १० मालिकेच्या कार्डांत जीएसपीच नाही, ती अजून बैलगाडीतच आहेत. जुन्या बाजारातून कार्ड घेताना मालिका बघून घ्या.