इनवाला खापरपणजोबा आणि ‘डिस्कव्हरी’ कॅटलॉग: माणूस सापडतो, घर नाही

गोव्यात घराण्याचा माग काढायचा तर आपण आधी इन्व्हेंटरीची फाइल धुंडाळतो. वारस, मालमत्ता, वाटणीचा तक्ता, सगळं एकाच बाडात. जागेसाठी जमीन नोंदणीच्या वह्या: बुक बीमधलं वर्णन आणि बुक जीमधली मालकाची नोंद. इंग्रज सुनेचा किंवा जावयाचा इन (प्रवाशांना मुक्काम, जेवण, दारू देणारं घर) चालवणारा खापरपणजोबा शोधताना हीच अपेक्षा धरलीत तर फसाल.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजचा ‘डिस्कव्हरी’ हा ऑनलाइन कॅटलॉग माणूस शोधायला उत्तम. त्यातली ‘प्रॉब ११’ ही मालिका म्हणजे कँटरबरीच्या धर्मन्यायालयात १३८४ ते १८५८ या काळात प्रोबेट (मृत्युपत्राला न्यायालयाची मान्यता) मिळालेली दहा लाखांवर मृत्युपत्रं. नाव, गाव, धंदा टाकून शोध घेता येतो आणि पानांच्या प्रतिमा पणजीत बसून उतरवता येतात. फक्त ‘इनकीपर’ टाकून थांबू नका. ‘इनहोल्डर’ (इनवालाच), ‘व्हिक्चुअलर’ (खाण्यापिण्याचा परवानेदार), ‘व्हिंटनर’ (वाइनविक्रेता) हेही टाकून बघा. आडनावाची दोन-चार स्पेलिंगं हवीतच. यादीतली तारीख मृत्यूची नसते, प्रोबेट मिळाल्याची असते, म्हणून मृत्यूनंतरची दोन-तीन वर्षं तपासा. शिवाय १७५२पूर्वी तिथलं वर्ष २५ मार्चला सुरू होई: कागदावर १० फेब्रुवारी १७२३ दिसलं तर ते आपल्या हिशेबाने १७२४.

‘प्रॉब ११’मधलं मृत्युपत्र ही नोंदवहीतली नक्कल असते, त्यामुळे पूर्वजाची सही पाहायला मिळत नाही. एका प्रतिमेत आधीच्या माणसाचं मृत्युपत्र संपून आपलं सुरू होतं. समासातलं नाव वाचूनच पुढे जा. शेवटचा प्रोबेटचा मजकूर १७३३पर्यंत बहुधा लॅटिनमध्ये. तो सोडू नका. मृत्युपत्र कोणी सिद्ध केलं ते नाव तिथंच मिळतं, आणि ती बरेचदा विधवा असते. इन पुढे तीच चालवत असे, म्हणून तिचंही मृत्युपत्र शोधा.

नाव नाही मिळालं तर मृत्युपत्रच नव्हतं असं समजू नका. लहान मालमत्तेची प्रकरणं स्थानिक धर्मन्यायालयांत जात. ते कागद बहुतेक काउंटीच्या अभिलेखागारात असतात. १२ जानेवारी १८५८पासून काम सरकारी प्रोबेट नोंदणीकडे गेलं, त्याचा शोध वेगळ्या साइटवर.

मालमत्तेच्या बाबतीत मात्र ही सेवा लंगडी पडते. मृत्युपत्रात ‘अमुक पाटीचं घर’ एवढाच उल्लेख असतो, चतुःसीमा क्वचितच. पुष्कळ इनवाले तर भाडेकरूच. त्यांनी मागे ठेवला तो भाडेपट्टा, पिंपं आणि गाद्या. जागा ‘कॉपीहोल्ड’ (जहागिरीच्या कोर्टातल्या नोंदीवर धारण केलेली) असेल तर तिचं हस्तांतर जहागिरीच्या कोर्टाच्या गुंडाळ्यांत मिळेल. त्या कुठे ठेवल्यात ते सांगणारी ‘मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर’ ही सूची ‘डिस्कव्हरी’तच आहे, आणि तिच्याकडे फारसं कोणी वळत नाही. खरेदीखतांची सार्वजनिक नोंद जुन्या काळी फक्त यॉर्कशायर (वेस्ट रायडिंगमध्ये १७०४पासून) आणि मिडलसेक्स (१७०९पासून) इथं होती. बाकी काउंट्यांत आपल्या बुक बीसारखं काही शोधत बसू नका. त्यापेक्षा १७५३ ते १८२८मधल्या दारूपरवान्यांच्या नोंदी मागवा. त्यांत दरवर्षी परवानेदाराचं नाव येतं. ज्या वर्षी विधवेचं किंवा मुलाचं दिसू लागतं, तिथून मागची-पुढची दोन-तीन वर्षं धरून ‘प्रॉब ११’मध्ये पुन्हा शोधा.