कुसळ लागलेल्या डोळ्यात कोणता ड्रॉप: नाटामायसिन, व्होरिकोनाझोल की अँफोटेरिसिन?

भातकापणी सुरू झाली की कणकवलीजवळच्या आमच्या मेडिकलमध्ये रोज कुणीतरी येतं. "डोळ्यात कुसळ गेलां, एखादो ड्रॉप द्या." अशा वेळी मी हात आखडताच घेतो. घरात उरलेला स्टेरॉइडचा ड्रॉप तर कुणीच घालू नये. लाली उतरते, पण कुसळाबरोबर जखमेत बुरशी शिरली असेल तर तिला रान मोकळं मिळतं आणि पुढे बुबुळावर कायमचं फूल पडतं. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन जखम खरवडून तपासून घ्या. काचपट्टीवर बुरशीचे तंतू दिसतात का, हे बहुतेक वेळा त्याच दिवशी कळतं.

तंतू दिसले, तर बुरशी मारणाऱ्या या तीन औषधांपैकी माझा कौल नाटामायसिन ५ टक्क्यांना. शेतातल्या जखमेत बहुधा तंतूंची बुरशी, म्हणजे फ्युझेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस सापडते. "व्होरिकोनाझोल नवीन, महाग, म्हणजे जास्त चांगलं ना?" असं लोक विचारतात. तसं नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह दक्षिण भारतात ३२३ रुग्णांवर या दोन औषधांची थेट तुलना झाली. २०१३ साली निकाल आला: नाटामायसिनवाल्यांची नजर जास्त सुधारली, बुबुळाला भोक पडण्याचं प्रमाणही कमी होतं. फ्युझेरियममध्ये हा फरक ठळक होता, बाकीच्या बुरशींत फारसा नव्हता.

नाटामायसिनची उणीव एकच, ते खोलवर झिरपत नाही. व्होरिकोनाझोल १ टक्का झिरपतं, म्हणून जखम खोल असेल किंवा नाटामायसिनने उतार पडत नसेल, तर डॉक्टर ते जोडीला देतात.

अँफोटेरिसिन ०.१५ टक्के हे कँडिडासारख्या यीस्टवर, म्हणजे एकपेशीय बुरशीवर चांगलं. शेतातल्या जखमेपेक्षा आधीच अधू असलेल्या किंवा बरेच दिवस स्टेरॉइड घातलेल्या डोळ्यात ही बुरशी जास्त आढळते. हा ड्रॉप शिरेतून द्यायच्या इंजेक्शनपासून निर्जंतुक पाण्यात बनवून घ्यावा लागतो. सलाईनमध्ये मिसळलं तर औषधाचा साका होतो. फ्रिजमध्ये, उजेडापासून लांब ठेवावं लागतं आणि डोळ्यात चांगलंच झोंबतं. आमच्याकडे पावसात दिवसदिवस लाइट नसते, तेव्हा हे सांभाळणं किती कठीण ते घरचेच जाणतात.

फ्लुकोनाझोलचा ड्रॉप सहज मिळतो, पण तंतूंच्या बुरशीवर त्याचा भरवसा धरू नका.

आता घालायचं कसं, कारण चुका इथेच होतात. नाटामायसिनचं औषध बाटलीच्या तळाशी बसतं. न हलवता घातलं, तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. प्रत्येक वेळी नीट हलवा. खालच्या पापणीत पांढरा थर साचतो, तो औषधाचा असतो, पू नव्हे. सुरुवातीला साधारण दर तासाला थेंब, पुढे डॉक्टर सांगतील तसं कमी. उपचार कित्येक आठवडे चालतो. दुखणं थांबलं म्हणून बाटली बाजूला ठेवू नका. डोळा जास्त ठणकू लागला किंवा बुबुळावरचा पांढरा डाग पसरला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.