गाडीतला हिवाळी शिधा: चिक्की ठेवावी की गूळ-फुटाणे?

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला निघा की आलापल्लीहून सिरोंच्याला, हिवाळ्याच्या रात्री मध्येच गाडी बंद पडली तर चहाची टपरीसुद्धा उघडी सापडत नाही. कापूस घेऊन जिनिंगवर नंबर लावणाऱ्याची तर रात्रच गाडीत जाते. तेव्हा गाडीत पोटाला काहीतरी हवंच. आमच्या घरी शेंगदाण्याची चिक्कीही ठेवून झाली आणि गूळ-फुटाणेही.

ताकद पाहिली तर चिक्की पुढे आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, फुटाण्यांत त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. चिक्की जागाही कमी घेते आणि तिच्यावर फुटाण्यांइतकं पाणी प्यावं लागत नाही. एवढ्यावरच ठरवायचं असतं तर मीही चिक्कीच सांगितली असती.

पण आपल्या विदर्भातला हिवाळा बर्फाळ मुलखासारखा नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता, पण असे दिवस विरळा. बाटलीतलं पाणी इथे गोठत नाही. पहाटे आठ-दहा अंश आणि त्याच दिवशी दुपारी तिशीच्या घरात, असं आपलं हवामान. काचा लावून धुऱ्यावर उन्हात उभी असलेली गाडी आतून त्याहून जास्त तापते. या चढउतारात चिक्कीचा पाक दुपारी सैल पडतो आणि रात्री पुन्हा आवळतो. आठवडाभरात वड्या एकमेकींना धरतात, वेष्टनाचा कागद त्यात रुततो आणि पुड्याची एकच ढेप होते. थंडीत ती हाताने तुटत नाही. आम्ही ती चाकाच्या पान्याने फोडायचो, मग कागदाचे कपटे वेचायचो. बाबांचे दात हलतात. भूक लागलेली असून त्यांना तो तुकडा नुसता चघळत बसावं लागायचं. ज्याला सगळ्यात आधी खाऊ घालायचं त्यालाच खाता येत नसेल तर तो शिधा काय कामाचा? माझं मन तिथेच फिरलं.

गुळालाही पाणी सुटतं, हे खरं. पण तो सुपारीएवढा फोडून वेगळ्या डबीत ठेवला की भागतं. फुटाण्यांच्या डब्यातच टाकला तर फुटाणे सादळतात. सादळलेच तर तव्यावर गरम करून पुन्हा कुरकुरीत होतात. ढेप झालेल्या चिक्कीचं तसं करता येत नाही. फुटाण्यांत तेल कमी, म्हणून ते लवकर खवट होत नाहीत. दातांचा त्रास असणाऱ्यासाठी थोडे फुटाणे दळून गुळासोबत ठेवा, पाण्यात कालवून पोटभर होतं.

डबा स्टीलचा, घट्ट झाकणाचा आणि सीटखाली. डॅशबोर्डवर ऊन लागतं, आणि मागे डिझेलची कॅन असेल तर तेलकट पदार्थाला तिचा वास लागतो. डब्याशेजारी पाणी मात्र विसरू नका, फुटाण्यांनी घसा कोरडा पडतो.

दोन ठिकाणी माझी निवड चालणार नाही. सोबत लहान लेकरू असेल तर फुटाणे आणि शेंगदाणे दोन्ही घशात अडकू शकतात. त्याच्यासाठी बिस्किटं बरी. आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर साखर एकदम उतरल्यावर चावण्याच्या खाण्यावर विसंबू नका, ग्लुकोज पावडरची पुडी वेगळी ठेवा.

तुमची गाडी दिवसभर सावलीत, पडवीत उभी राहत असेल तर कदाचित चिक्कीनेही तुमचं निभेल. आमची वावरात उभी असते, त्यामुळे आम्ही फुटाणेच भरतो आणि संक्रांतीच्या सुमारास जुने काढून नवे घालतो.